लाजरं पोट्टं अन् आमची पांढरी गाडी

चौदा वर्षं एकाच कामाची गाडी चालवली की माणसाजवळ किस्से साचत जातात. कोणी विचारत नाही तोवर ते पडून राहतात. आणि कोणी विचारलंच, तर समोरच्याचा चहा थंड होईपर्यंत मी काही थांबत नाही!

आमची गाडी लहान पोरांच्या तपासणीची. आज या अंगणवाडीत, उद्या त्या. स्टेअरिंगवर मी, मनोहर. माझ्या बाजूच्या सीटवर डॉक्टर मॅडम. त्या साताऱ्याकडच्या. इकडं आल्या तेव्हा ‘काऊन’ म्हणजे ‘का’, हेसुद्धा त्यांना मीच सांगितलं होतं. मागच्या सीटवर कुंदा सिस्टर, मूल गावच्या. वजनकाटा, औषधांची पेटी आणि आम्हां तिघांचे डबे त्यांच्या ताब्यात.

वजन काट्यावर येतं, उंची पट्टीवर येते, दात मोजता येतात. बोलणं मात्र मोजता येत नाही. म्हणूनच की काय, आमचे निम्मे किस्से न बोलणाऱ्या पोरांचे आहेत.

* * *

मॅडम नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलाला लागून एक गाव आहे. तिथं सोहम नावाचं अडीच वर्षांचं पोट्टं आईच्या पदरात शिरलं ते बाहेरच येईना.

मॅडमनी चित्रांचं कार्ड दाखवलं, बॅटरी दाखवली, बिस्कीट दाखवलं. काही नाही. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, “बोल न बेटा, बोल न!” मदतनीस म्हणाली, “बोल न!” आजूबाजूच्या चार बायका म्हणाल्या, “बोल न!” पोरगा आणखी आत गेला.

आई बिचारी रडवेली झाली. “घरी तं याचं तोंड बंद नाई होत मॅडम. खरंच सांगून राह्यली.”

मॅडमना वाटलं, सगळ्याच आया असं म्हणतात. त्यांनी चंद्रपूरला तपासणीसाठी न्यायची चिठ्ठी लिहिली. आईनं ती हातात घेतली आणि नुसती बघत राहिली.

आम्ही निघालो. मी आरशात पाहिलं, मागं कोणी नव्हतं. रिव्हर्स टाकला. तेवढ्यात अंगणवाडीच्या ओट्यावरून कोणीतरी किंचाळलं,

“काका, मांगं बकरी हाय!”

मी ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर मागच्या चाकाला टेकून बकरीचं पिल्लू बसलेलं. आणि ओट्यावर सोहम, पदराबाहेर, कमरेवर हात ठेवून उभा.

मॅडम बोटांवर मोजत होत्या. “काका. मांगं. बकरी. हाय. मनोहरभाऊ, चार शब्दांचं वाक्य आहे हे!”

चिठ्ठी तिथंच फाटली. बकरी वाचली, सोहमही वाचला.

त्या दिवसापासून मॅडम अंगणवाडीत शिरल्या की दहा मिनिटं कोणत्याच पोराकडं बघत नाहीत. कोपऱ्यात बसकुरावर बसतात आणि पोरांच्याच खेळण्यांशी खेळतात. पोरं हळूहळू सरकत येतात. मग मॅडम आईला एवढंच सांगतात, “घरी बोलतो तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. लाजणारं मूल आणि बोलता न येणारं मूल इथं सारखंच दिसतं. फरक घरीच कळतो.”

* * *

एकदा आम्हाला शिबिरासाठी गडचिरोलीकडं पाठवलं. धानोऱ्याच्या पुढं, रस्ता संपल्यावरही बरंच पुढं. अंगणवाडीच्या ताई दुसऱ्या तालुक्यातून बदलून आलेल्या. त्यांनी दोन वर्षांची एक पोरगी पुढं केली. “मॅडम, सहा महिने झाले, रोज येते. पण एक शब्द नाई. मुकीच असंल.”

पोरगी बारीक, टपोऱ्या डोळ्यांची. हाक मारली की वळायची, टाळी वाजवली की हसायची. मॅडमनी ग्लासाचं चित्र दाखवलं. “पाणी. म्हण, पाणी.”

पोरीनं चित्र पाहिलं. मॅडमना पाहिलं. मग उठून गेली, मॅडमची पाण्याची बाटली दोन्ही हातांनी ओढली आणि मोठ्यानं म्हणाली, “येर!”

“नाही बाळ, पाणी.”

“येर!”

“पाणी. पा-णी.”

पोरगी आता चिडली. बाटली आपटून म्हणाली, “येर! येर!”

दारात तिची आजी बसली होती, काठीवर हनुवटी टेकून. ती हसायला लागली. “पानीच म्हनून राह्यली वो बाई ते. आमच्या गोंडीत पान्याले येर म्हन्तेत. तिनं तीन खेपा सांगतलं. तुमालेच नाई समजलं!”

मग आजीनं पोरीशी बोलायला सुरुवात केली आणि पोरगी जी सुटली, ती जेवणापर्यंत थांबली नाही.

मॅडमनी कार्ड माघारी घेतलं. कुंदा सिस्टरना म्हणाल्या, “त्या पोरीच्या नावापुढं ‘ठीक’ लिहा. आणि खाली माझं नाव घाला. भाषा उशिरा येते आहे, लक्ष ठेवावं लागेल!”

* * *

हा छोटा आहे, पण माझ्या आवडीचा.

आयांची मीटिंग होती. पंधरा-सोळा बाया, मांडीवर लेकरं. सगळ्यांची एकच तक्रार, पोट्टं पाहुण्यापुढं बोलत नाही, लाजते, घरची इज्जत जाते.

मॅडम म्हणाल्या, “बरं. आधी आपण ओळख करून घेऊ. प्रत्येकीनं उभं राहून नाव सांगायचं आणि आज घरी काय रांधलं ते सांगायचं.”

कोणी उठेना. पदर तोंडात गेले. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, दुसरीनं तिसरीला. पाच मिनिटं गेली. पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

शेवटी मागून एकजण बसल्या जागी म्हणाली, “मॅडम, आमाले सवय नाई न असं बोलाची. तुमी नव्या हा.”

मॅडम तिच्या मांडीवरच्या लेकराकडं बोट दाखवून म्हणाल्या, “ह्यालाही मी नवीनच आहे.”

* * *

कोरपन्याचा सतीश. मोबाईल रिपेरिंगचं दुकान. त्याचा पोरगा अथर्व, दोन वर्षं चार महिन्यांचा. त्याला घेऊन सतीश स्वतः आला, कारण पोरगा त्याला दाखवायचाच होता.

“सिस्टर, याले ए टू झेड येते. वन टू हंड्रेड येते. सगळे कलर इंग्लिशमधी!”

आणि खरंच येत होतं. पोरगा भिंतीकडं तोंड करून घडाघडा म्हणत होता. बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

मॅडमनी मागून हाक मारली, “अथर्व.” तो म्हणतच राहिला. “अथर्व!” काही नाही. बाजूला चॉकलेटचा कागद चुरगळला, तर लगेच वळला. म्हणजे ऐकू येत होतं. मॅडम समोर बसल्या, चेंडू दिला, हात पुढं केला. त्यानं चेंडू फिरवला, फिरवत राहिला. मॅडमकडं एकदाही पाहिलं नाही. बापाकडंही नाही.

“भूक लागली की काय म्हणतो?”

“रडते.”

“काही हवं असलं की बोट दाखवतो?”

“हात धरून नेते. पण मॅडम, पोट्टं जीनियस हाय!”

मॅडम म्हणाल्या, चंद्रपूरला दाखवून घ्या, उशीर नको. सतीशचा चेहरा लाल झाला. “माया पोरगा इंग्लिश बोलून राह्यला अन् तुमी म्हणता बोलत नाई?”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बोलतो. पण कोणाशी?”

सतीश पोराला उचलून निघून गेला. पुढच्या खेपेला आला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला त्याची बायको एकटी आली, चिठ्ठी मागून घेऊन गेली, आणि बसनं पोराला चंद्रपूरला घेऊन गेली. नवऱ्याला न सांगता.

तपासणीत काय नाव निघालं ते मी विचारलं नाही. दवाखान्यात आठवड्यातून दोनदा शिकवणी सुरू झाली, एवढं कळलं. सतीशनं मॅडमना एकदाच विचारलं, “मोबाईलनं झालं का?” मॅडम म्हणाल्या, “मोबाईलनं झालं असं नाही. पण मोबाईलमुळं तुम्हाला कळायला उशीर झाला.”

वर्षभरानं आमची गाडी त्याच्या दुकानासमोर पंक्चर झाली. सतीश जॅक लावायला आला. मॅडम आत बसलेल्या, पण तो मलाच म्हणाला, खाली मान घालून,

“भाऊ, परवा अथर्वले पानी पाह्यजे होतं. हात धरून माठापाशी नेलं मले. ते तं पहिलेपासून नेते. पण या खेपी त्यानं वरतं पाह्यलं. माया तोंडाकडे.”

मी त्याच्या हातात नट दिला. त्यानं नट आवळला. मग विचारलं,

“एबीसीडीपेक्षा हे मोठं हाय न, भाऊ?”

* * *

आता माझा स्वतःचा. हा मी गाडीत कधी सांगत नाही.

माझा धाकटा भाऊ प्रमोद गडचांदूरला असतो, सिमेंटच्या कामावर ठेकेदाराकडं. त्याची मोठी पोरगी रिया. दोन वर्षांची झाली तरी बोलेना. भावजय संगीतानं मला फोन केला, “भाऊजी, तुमी त्या डॉक्टरच्या गाडीवर असता. रिया अजून माय बी नाई म्हणत. दाखवाचं का?”

मी म्हणालो, “लाजरी हाय ते. प्रमोद बी तीन वर्षांचा होऊन बोलला. आपल्या घरचा वाणच तसा हाय.”

आमची माय मागून म्हणाली, “हाव न! कायची घाई हाय?”

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फोन आला. मी पुन्हा तेच सांगितलं. आणखी एकदा आला. तेव्हाही तेच.

आणि ऐका, कुंदा सिस्टर प्रत्येक गावात आयांना जे सांगतात ते मला तोंडपाठ होतं. वर्षाचं झालं तरी नावानं वळत नाही, बोट दाखवत नाही. दीड वर्षाचं झालं तरी एक शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही. बोलत होतं आणि थांबलं. यातलं एक जरी दिसलं तरी वाट पाहायची नाही, दाखवायचं. मी झोपेतही म्हणून दाखवीन! हजार वेळा ऐकलं असेल. पण ते मला दुसऱ्यांच्या पोरांबद्दल वाटायचं.

रियाच्या लहान भावाचं जावळ होतं, म्हणून मी सुटी टाकून गेलो. दुपारी जेवणं होऊन बाया-माणसं सावलीत बसलेली. अंगणात पाच-सहा पोरं खेळत होती. रिया आमच्याकडं पाठ करून काडीनं धुळीत रेघा ओढत होती.

तिथं जवळच्या खदानीत ब्लास्टिंगच्या आधी भोंगा वाजतो. तो वाजला. पोरं कानांवर हात ठेवून पळाली, ज्याच्या-त्याच्या आईच्या मांडीत शिरली. त्यांना माहीत होतं, आता दणका होणार.

रिया रेघा ओढत राहिली.

मग तिनं बाजूला पाहिलं. कोणीच नव्हतं. तेव्हा ती उठली आणि सगळ्यांच्या मागं पळत आली.

सगळे हसले. माय म्हणाली, “पाह्य, मायी नात केवढी धीट हाय! भोंग्याले बी भेत नाई.”

मी हसलो नाही. रिया पुन्हा खेळायला गेली, तेव्हा मी आतून पितळी ताट आणि पळी आणली. तिच्या मागं चार हात अंतरावर उभा राहिलो आणि ताट वाजवलं. दोन माणसांनी माझ्याकडं वळून पाहिलं. आणखी जोरात वाजवलं. शेजारचा माणूस घरातून बाहेर आला. रियाची काडी थांबली नाही.

मी वर पाहिलं तर दारात संगीता उभी. हात पिठानं भरलेले. तिनं सगळं पाहिलं होतं. ती वळली. आत गेली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मी रस्त्यातच गाडी बाजूला घेतली. मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, “घरचे कधीपासून म्हणत होते?”

“दहा महिने.”

मॅडमनी लगेच चंद्रपूरला फोन लावला. मग म्हणाल्या, “उद्याच आणा.”

दोन्ही कान. जन्मापासून. लाजरी नव्हतीच ती. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला ते नाव दिलं होतं, आणि ते इतकं गोड होतं की पुढचं कोणी पाहिलंच नाही.

दवाखान्याच्या बाकावर मी आणि प्रमोद बसलो होतो. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आजपर्यंत कधी उलटून बोललेला नाही. तेव्हाही आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला,

“भाऊ, तू तं रोज डॉक्टरच्या बाजूले बसते.”

रियाला कानाची मशीन लागली. संगीता तिला बोलायच्या शिकवणीला नेते, घरी दिवसभर तिच्याशी बोलत राहते. भाजी चिरताना, कपडे धुताना, नुसती बोलते. चार शब्द आले आहेत, धड नाहीत पण आम्हाला कळतात. आता भोंगा वाजला की अंगणात सगळ्यात आधी रिया रडते. आणि संगीता तिला लगेच उचलत नाही. थोडा वेळ रडू देते.

* * *

वैनगंगेच्या बाजूला एका गावात मोठा तलाव आहे. तलावावर मासे धरणाऱ्यांची वस्ती. तिथं वनमाला आणि तिचा नवरा, दोघंही जन्मापासून मुके-बहिरे. नवरा जाळं टाकतो, ती टोपली घेऊन बाजारात बसते. गिऱ्हाईकाला भाव बोटांनी सांगते, आणि कोणाला फसवू देत नाही.

त्यांची पोरगी पायल. दीड वर्षाची झाली तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी आमच्यापुढं आणली. “हे बी तशीच निघाली मॅडम. हातवारे करते नुसते. तोंडातून आवाज नाई.”

मॅडमनी खुळखुळा वाजवला. पायल वळली. हळू वाजवला. वळली. बाहेर कोंबडी ओरडली. वळली. चंद्रपूरला नेऊन मोठी तपासणीही केली. दोन्ही कान स्वच्छ!

“तिला सगळं ऐकू येतं,” मॅडम म्हणाल्या. “पण घरात ऐकायला आहे काय? आणि मुकी तर ती अजिबात नाही. तिचे हात बघा.”

आम्ही पाहिलं. दीड वर्षाची पोरगी बोटांनी आईला सांगत होती की या बाईनं खुळखुळा वाजवला आणि तो मला पाहिजे.

ताई म्हणाल्या, “मंग ते हातवारे बंद कराले सांगू का?”

मॅडम जरा तडकल्याच. “अजिबात नाही! ती तिच्या आईची भाषा आहे. तीही राहू दे आणि आपलीही येऊ दे.”

मग कुंदा सिस्टरनी वस्तीतल्या बायांना गोळा केलं. शेजारची आत्या, बाजारात बाजूला बसणारी म्हातारी, अंगणवाडीच्या ताई. पायल दिसली की तिच्याशी बोलायचं, काहीही बोला पण बोला, एवढंच काम दिलं. बायांना बोलायचं काम दिलं म्हटल्यावर त्या हसल्या. पण केलं त्यांनी ते. वर्षभर म्हातारी तिला मासोळ्यांची नावं सांगत होती. अंगणवाडीतून रोज सगळ्यात शेवटी पायलच घरी जायची.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा त्या गावात तपासणी होती. पायल आता साडेतीन वर्षांची. पन्नासेक पोरं, तेवढ्याच आया, गर्दी, रडारड. मॅडमनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. रांगेत वनमालाचा नंबर आला. मॅडमना विचारायचं होतं की मागची जंताची गोळी पोरीला दिली होती का.

मॅडमनी विचारलं. वनमालानं मान हलवली, समजलं नाही म्हणून.

मॅडमनी जरा मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, “गोळी! जंताची गोळी! दिली का पोरीला?”

सगळी अंगणवाडी गप्प झाली. सगळ्या बाया वनमालाकडं बघायला लागल्या. मी दारातून पाहत होतो. वनमालानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

पायल दोघींच्या मध्ये आली. आईकडं तोंड करून तिनं बोटांनी काहीतरी सांगितलं. आईनं उत्तर दिलं, हात भराभरा चालले. पायलनं शेवटपर्यंत पाहिलं. मग मॅडमच्या पांढऱ्या कोटाचं टोक ओढलं आणि म्हणाली,

“माय म्हनते, गोळी देल्ली.”

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात तिनं कोट पुन्हा ओढला.

“अन् माय म्हनते, वरडू नोका. सगळे पाहून राह्यले. तिले लाज वाटते.”